आजीला हसू नकोस

गोरेगाव, जि. गोंदिया

चि. बाईस,

रोवणी परवा आटोपली. तुझी आजी यंदा धुऱ्यावर नुसती बसून होती, कोणाला रागावली नाही, तेव्हाच मला खटकलं. काल तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळाशी तिचा फोन. बंद करून फडक्यात गुंडाळलेला.

आठ दिवसांपूर्वी तिला फोन आला होता. आवाज हुबेहूब तुझा. "आजी, अपघात झाला, मामाला सांगू नकोस, पैसे पाठव." उन्हाळी धानाच्या चुकाऱ्यातले वीस हजार गेले. हल्ली काही सेकंदांच्या बोलण्यावरून यंत्र कोणाचाही आवाज काढतं. तुझा कुठून उचलला कोण जाणे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी कालच कळवलं. पण असे पैसे वाटेत अडवायचे तर पहिले काही तासच मोलाचे.

एवढे दिवस का बोलली नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही हसले असते."

बाई, ते खरं आहे. दिवाळीत वाघाला थोपटणाऱ्या माणसाचा व्हिडिओ तिनं खरा मानला, तेव्हा आपण सगळे हसलो. तूही. नागझिऱ्याच्या जंगलालगत हयात गेलेल्या बाईला वाघ का ठाऊक नाही? डोळ्यांनी दिसलं ते खरं, एवढ्यावर ती आजवर चालली. तो व्हिडिओ एआयनं केलेला आहे, हे तिच्याजवळ बसून सांगायला आपल्याला पाच मिनिटं मिळाली नाहीत.

आपल्या घरातल्या धाकट्याचंही तेच. आठवीतला पोरगा गणितात नापास झाल्याचं आधी एआयला सांगतो, आईला आठवड्यानं. "ते चिडत नाही," म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची रीत सुरू झाली. आपणही ती वेळ धरली आहे. पण फोन नुसते बाजूला ठेवून भागत नाही, त्या वेळात समोरच्याचं ऐकावं लागतं. तू पुण्याहून रोज सातच्या आधी आजीला फोन कर. तिनं काहीही विचारलं तरी "तुला नाही कळणार" म्हणू नकोस.

आणखी एक. पैसे मागणाऱ्याला विचारायचा एक शब्द घरात ठरवला आहे. आजीनंच सुचवला. पत्रात लिहीत नाही, फोनवरही सांगणार नाही. पोळ्याला ये, ती तुझ्या कानात सांगेल.

तुझा,
मामा