सायकलस्वाराचा श्वास

सायकल टूर म्हटलं की मोकळा रस्ता, शेतं आणि स्वच्छ हवा डोळ्यांसमोर येते. चीनच्या खेड्यांतून सायकलने जायचं तर पहिल्या दोन गोष्टी मिळतात. तिसरीचं मात्र गणित मांडावं लागतं. ते मी एका मार्गासाठी कागदावर मांडून पाहिलं.

मार्ग उत्तर चीनमधल्या शान्सी प्रांतातला, पिंगयाओ ते लिनफेन. पिंगयाओ हे तटबंदीचं जुनं शहर १९९७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. लिनफेनचं नाव २००६ मध्ये एका वेगळ्याच यादीत आलं : जगातली सर्वांत प्रदूषित १० ठिकाणं! मध्ये फेन नदीचं खोरं, गहू-मक्याची शेतं. मग इथे धूर येतो कुठून?

कारणं तीन. एक, शान्सी म्हणजे कोळसा. खाणी, कोक भट्ट्या आणि कोळशाचे ट्रक खेड्यांना लागूनच. दोन, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या. कारखान्याच्या चिमणीला फिल्टर बसवता येतो, शेगडीला कोण बसवणार? तीन, भूगोल. दोन्ही बाजूंना डोंगर. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. यालाच टेंपरेचर इन्व्हर्जन म्हणतात. धूर खालीच कोंडतो. म्हणून तिथे पहाटे निघणं चूक. ऊन चढून झाकण फुटलं की निघावं.

आता गणित. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ८ लिटर हवा घेतो, सायकल चालवताना ४० लिटर. शिवाय दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची चाळणी चुकते. धुरकट दिवशी पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम धरू. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा १५ आहे.) ६ तासांत १४.४ घनमीटर हवा, म्हणजे सुमारे २.२ मिलिग्रॅम कण आत. नुसतं बसून राहिलो तर जेमतेम ०.४!

आकडा बघून सायकलवाल्याची कीव येते ना? पण तो दोन दिवसांत ४.३ मिलिग्रॅम घेऊन पुढे निघून जातो. गावातला शेतकरी तिथेच राहतो. दिवसाला १५ घनमीटर हवा, सरासरी १०० मायक्रोग्रॅम आणि शेगडी पेटण्याचे १२० दिवस धरले तर त्याच्या वाट्याला १८० मिलिग्रॅम येतात. चाळीसपटीहून जास्त, आणि तेही दरवर्षी.

मग शेगड्या बंद करा! असं आपल्याला पटकन वाटतं. शेजारच्या हेबेई प्रांतात २०१७ मध्ये हेच झालं. अनेक गावांतल्या कोळशाच्या शेगड्या काढल्या, पण गॅस वेळेवर पोचला नाही. लोक थंडीत कुडकुडले, मुलं गार वर्गांत बसली. शेवटी त्या डिसेंबरमध्ये जिथे काम अपुरं होतं तिथे कोळसा पुन्हा चालू द्यावा लागला. २०१८ मध्ये फेन खोऱ्याचाही हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय योजनेत समावेश झाला. २०१३ नंतर चीनची हवा बरीच सुधारली, हेही खरं.

आपण उद्याचे इंजिनिअर. धूर मोजणं सोपं आहे. पण ज्या शेगडीतून तो निघतो, तिच्याभोवती एक घर ऊब घेत बसलेलं असतं. आधी दुसरी ऊब पोचवायची आणि मगच शेगडी उचलायची, हा क्रम डिझाइन करताना विसरून चालणार नाही.