सातबाऱ्यावर नाव कोणाचे?



मागच्या महिन्यात सकाळच्या मिस्सानंतर आम्ही तिघे-चौघे चर्चच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्यातले एक काका तिथूनच तलाठी कार्यालयात जाणार होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांनी सातबाऱ्याचा उतारा घडी करून ठेवला होता. सोबत पुतण्या होता. अर्धी वाडी विकायची आणि त्याआधी वाडीतली जुनी विहीर बुजवायची, असे त्याचे म्हणणे. तो म्हणाला, “विहीर बुजवली की प्लॉट सरळ होतो, भावही चांगला येतो. जमीन आपल्या नावावर आहे, मग कोणाला काय विचारायचे?”

काका म्हणाले, “नाव माझेच आहे रे. पण विहीर माझ्या आजाने खणली. आज तिच्यावर तीन घरे पाणी भरतात. त्यांना काय सांगू?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही मुलांना धर्मशिक्षण देता. बायबल काय म्हणते, सांगा बघू.”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण पुन्हा वाचली. पृथ्वीवर अधिकार नक्की कोणाचा, हा प्रश्न काकांच्या विहिरीपुरता नाही, तो आपल्या सर्वांचा आहे. म्हणून आजचा हा पाठ. समजायला सोपे जावे म्हणून आपण सातबाराच समोर ठेवू.

भोगवटादार

सातबाऱ्याच्या उताऱ्यात गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र असतात. नमुना ७ मध्ये आपले नाव ज्या रकान्यात येते तो नीट वाचा. तिथे ‘मालक’ असा शब्द नाही, ‘भोगवटादार’ असा आहे. ज्याच्या ताब्यात जमीन आहे आणि जो तिचा उपभोग घेतो, तो भोगवटादार.

बायबलही हेच सांगते, फक्त जास्त स्पष्टपणे. लेवीय पुस्तकात (२५:२३) परमेश्वर इस्राएली लोकांना बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि ते तिच्यावर परके व पाहुणे म्हणून राहत आहेत. म्हणजे त्यांना जमीन मिळाली, पण कुळासारखी. दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा नियमही तिथेच आहे. एकदा कर्जात बुडालेला माणूस पिढ्यानपिढ्या भूमिहीन राहू नये, हा त्यामागचा हेतू. चोविसावे स्तोत्रही पृथ्वी आणि तिच्यावरचे सर्व काही परमेश्वराचेच आहे या घोषणेनेच सुरू होते.

कूळ म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावून सांगावे लागत नाही. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्यांच्या आजोबांनी सावकाराच्या जमिनीत राबून मग ती आपल्या नावावर झालेली पाहिली, त्यांनी तरी ‘मी मालक, मी वाटेल ते करीन’ असे म्हणताना थोडे थांबावे.

याचा अर्थ खाजगी मालमत्ता चुकीची आहे असा नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगाराच्या मालमत्तेच्या हक्काची ठाम बाजू घेतली. आपल्या कष्टाची जमीन, घर, विहीर असणे हा माणसाचा हक्क आहे. मात्र हा हक्क देवाच्या मालकीच्या आत बसतो, तिच्या वर नाही.

कसण्याची नोंद

नमुना १२ ही पिकांची नोंदवही. कोणते पीक घेतले, पाणी कशाचे, पडीक किती, हे त्यात लिहिले जाते. भोगवटादाराने जमिनीचे काय केले, याचा हा हिशेबच.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात (१:२८) देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणण्यास आणि प्राणिमात्रांवर अधिकार चालवण्यास सांगतो. या वचनावरून आपल्यावर मोठा आरोप झालेला आहे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की निसर्गाच्या नाशाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, कारण त्या विचाराने माणसाला निसर्गाचा धनी करून ठेवले. हा आरोप आपण झटकून टाकू नये. या वचनाचा आधार घेऊन जंगले तोडणारे आणि नद्या नासवणारे ख्रिस्ती लोक होऊन गेले आहेत.

पण पहिल्या अध्यायापाशी थांबून चालत नाही. दुसऱ्या अध्यायात (२:१५) देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी. पहिल्या कामाचा मूळ हिब्रू शब्द ‘आवद’. त्याचा अर्थ मशागत करणे, आणि सेवा करणे असाही होतो. दुसऱ्याचा शब्द ‘शामर’, म्हणजे राखण करणे. चौथ्या अध्यायात भावाचा खून करून काइन देवाला उलट विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथेही हाच शब्द आहे. बागेची राखण आणि भावाची राखण ही बायबलच्या भाषेत एकच जबाबदारी आहे. जो एक टाळतो तो हळूहळू दुसरीही टाळू लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ही दोन वचने एकत्र वाचायला शिकवले. माणसाला मिळालेला अधिकार म्हणजे निरंकुश सत्ता नव्हे, असे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. विशेष म्हणजे लिन व्हाइट यांनीही आपल्या लेखाच्या शेवटी संत फ्रान्सिस असिसीकर यांचेच नाव सुचवले होते. पुढे १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच संताला पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांचे आश्रयदाते घोषित केले.

इतर हक्क

नमुना ७ वर आणखी एक रकाना असतो, ‘इतर हक्क’. सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कुणाची वहिवाट अशा गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. जमीन घेणारा जाणकार माणूस आधी हा रकाना वाचतो.

देवाच्या नोंदवहीतही हा रकाना आहे. लेवीय पुस्तकात (१९:९-१०) शेतकऱ्याला सांगितले आहे की कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी आहे. रूथने बवाजाच्या शेतात वेचला तो हाच सरवा. शेतमालकाने केलेला हा दानधर्म नाही, नियमानेच ठेवलेला तो गरिबांचा हक्क आहे. निर्गमात (२३:१०-११) तर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितले आहे. तिथे जे उगवेल ते गरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या प्राण्यांनी. पशुपक्ष्यांचेही नाव इतर हक्कांत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हीच शिकवण नव्याने मांडली. पृथ्वीवरील संपत्ती देवाने सर्व माणसांसाठी दिली आहे, असे परिषद म्हणते. १९८७ च्या एका परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी खाजगी मालमत्तेवर सामाजिक गहाण असल्याचे सांगितले. आपल्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक सातबाऱ्यावर समाजाचा बोजा चढवलेला आहे, आणि तो कोणत्याही हप्त्याने फिटत नाही.

खोटा फेरफार

आता प्रश्न असा, की मालक देव असेल तर जगात इतका अन्याय कसा चालतो? योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सैतानाला या जगाचा सत्ताधीश म्हणतो (१२:३१). लूकच्या शुभवर्तमानात (४:५-८) सैतान येशूला सर्व राज्ये दाखवतो. हा सारा अधिकार मला दिलेला आहे, माझ्या पाया पड म्हणजे तो तुझा होईल, असे तो म्हणतो. प्रभू त्याच्याशी मालकीचा वाद घालत बसत नाही. फक्त देवालाच नमन करायचे, एवढे एकच उत्तर तो देतो. सैतानाचा जगात वावर आहे, दरारा आहे, पण मालकी नाही. त्याने फेरफाराची खोटी नोंद केली आहे आणि आपण तिच्यावर सही करावी म्हणून तो आग्रह धरतो.

खोटी नोंद कशी होते, हे १ राजे २१ मध्ये वाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलोपार्जित जमीन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला. मग ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करवली. कागद चोख होते, शिक्का खरा होता. तरीही देवाने एलिया संदेष्ट्याला त्या मळ्यात पाठवले आणि राजाला खुनाचा व लुबाडणुकीचा जाब विचारला.

ही चूक परक्यांनीच केली असे आपण म्हणू शकत नाही. १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला आणि १४९३ साली पोप अलेक्झांडर सहावे यांनी स्पेनच्या राजाराणीला, बिगर ख्रिस्ती लोक राहत असलेल्या दूरदेशीच्या भूमींवर हक्क देणारी फर्माने काढली. तिथल्या लोकांना कोणी विचारले नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली तीही समुद्रापलीकडच्या मुलखावर आपला हक्क आहे असे मानणाऱ्या त्याच राजवटीकडे. आपल्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान त्याच जहाजांतून आले. शुभवर्तमानाबद्दल आपण देवाचे ऋणी आहोत. म्हणून त्या जहाजांचे सर्वच व्यवहार बरोबर होते असे मात्र नाही.

त्या काळीही ख्रिस्तसभेत एलियासारखे आवाज होते. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी जाहीर केले की अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. १५३९ मध्ये फ्रान्सिस्को द व्हितोरिया या डॉमिनिकन धर्मगुरूंनी सालामांका विद्यापीठात शिकवले की पोप किंवा सम्राट यांपैकी कोणीही साऱ्या जगाचा ऐहिक स्वामी नाही. अखेर ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने मूळ रहिवाशांचे हक्क न मानणारी ती ‘शोधाच्या हक्का’ची कल्पना अधिकृतपणे नाकारली. उशीर झाला, पण चूक कबूल करणारी ख्रिस्तसभा आपल्यालाही चूक कबूल करायला शिकवते.

ख्रिस्तराजाचा अधिकार

पुनरुत्थित प्रभू शिष्यांना सांगतो की स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सारा अधिकार त्याला दिलेला आहे (मत्तय २८:१८). १९२५ साली पोप पायस अकरावे यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला तो याच श्रद्धेने. पण हा राजा अधिकार कसा वापरतो ते पाहा. सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला (योहान १३:३-५). पिलातासमोर बांधलेल्या अवस्थेतही त्याने सुनावले की वरून दिला नसता तर तुला माझ्यावर काहीच अधिकार नसता (योहान १९:११). तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत, धर्मगुरूंपासून घरच्या कर्त्यापर्यंत, प्रत्येकाचा अधिकार असा वरून उसना मिळालेला आहे. त्याचा हिशेब द्यायचा आहे.

परवा काका पुन्हा भेटले. जमीन विकणे पाप आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, नाही. कोणाला मुलीच्या शिक्षणासाठी विकावी लागते, कोणाला आजारपणात. पण विकताना इतर हक्कांच्या रकान्यातली माणसे पुसली जात नाहीत ना, एवढे पाहावे. काका म्हणाले की पुतण्याला घेऊन ते त्या तिन्ही घरी जाऊन आले. विहीर आणि तिची वाट सोडून मोजणी करता येईल का, हे आता पाहत आहेत. भाव थोडा कमी येईल. पुतण्या अजून नाराज आहे. सही व्हायची आहे. त्या घरासाठी आपण प्रार्थना करू या.

घरी एकत्र बसून विचार करण्यासाठी:

१. आपल्या जमिनीवर, घरावर, पाण्यावर आपल्याखेरीज कोणाचे ‘इतर हक्क’ आहेत? त्यांची नावे घेऊन पाहा.

२. जमिनीच्या वाटणीवरून ज्या भावाबहिणीशी बोलणे बंद झाले आहे, त्याच्याकडे या आठवड्यात पहिले पाऊल कोण टाकेल?

३. पुढच्या पिढीने आपली ‘कसण्याची नोंद’ वाचली, तर तिला त्यात काय लिहिलेले दिसेल?

प्रार्थना: हे प्रभो, जमीन तुझी, पाणी तुझे आणि आम्हीही तुझेच. तू विश्वासाने हाती दिलेले आम्ही विश्वासाने राखावे आणि हिशेबाच्या दिवशी तुझ्यासमोर मान वर करून उभे राहावे, एवढी कृपा कर. आमेन.