जकडलेल्या ट्रॅक्टर-इंजिनाची सोडवणूक

पनवेल तालुक्याचा मोठा भाग आज नागरी झाला आहे. २०१६ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली. तथापि तालुक्याच्या ग्रामीण भागात भातशेती अद्याप टिकून आहे आणि तिचे वेळापत्रक पूर्वीप्रमाणेच पावसावर अवलंबून आहे. मृगाच्या सरींनंतर पेरणी, त्यानंतर चिखलणी व लावणी ही कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल घेतला जातो. अशा शेतीत ट्रॅक्टरला काम थोडे आणि विश्रांती फार. ज्या शेतकऱ्याला वीटभट्टीची किंवा मालवाहतुकीची कामे मिळत नाहीत, त्याचा जुना ट्रॅक्टर वर्षातील बहुतेक दिवस पडवीत अथवा उघड्यावर उभा राहतो. ऐन चिखलणीच्या वेळी तो सुरू करावयास जावे, तर इंजिन जागचे हलत नाही.

इंजिन असे जकडले म्हणजे ट्रॅक्टर भंगारात गेला, अशी समजूत आढळते. ती बहुतेक वेळा खरी नसते. उभ्या उभ्या जकडलेली अनेक इंजिने सुटू शकतात. ती निकामी होतात ती प्रामुख्याने घाईने लावलेल्या जोरामुळे. म्हणून या कामात अवजारांपेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे.

जकडण्याची कारणे

इंजिन दोन प्रकारे जकडते. पहिल्या प्रकारात चालू असताना वंगण तेल किंवा पाणी संपते, इंजिन अतिशय तापते आणि पिस्टन अथवा बेअरिंग धरते. येथे धातूवर धातू घासलेला असल्यामुळे इंजिन उघडून दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरा प्रकार गंजाचा आहे. चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी त्यातील काही व्हॉल्व्ह उघडे राहतात. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नसेल, तर पावसाचे पाणी त्या वाटेने थेट सिलिंडरमध्ये उतरते. पाणी उतरले नाही, तरी दमट हवा आत जाते. कोकणपट्टीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाडीलगतच्या गावांत हवेत खाराही असतो. पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि तेथून पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातजाती प्रसारित झाल्या आहेत. यावरून या परिसरातील क्षारांचे प्रमाण लक्षात यावे. भाताची जात क्षार सोसते. बिडाचा सिलिंडर ते सोसत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्याच असतात. त्यामुळे गंजाचा पातळ थरही त्यांना भिंतीशी घट्ट बांधून टाकतो. बहुधा एक किंवा दोन सिलिंडरच असे धरलेले असतात. मात्र सर्व पिस्टन एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले असल्याने त्या एकामुळे संपूर्ण इंजिन थांबते.

प्रथम तपासणी

इंजिनच जकडले आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलून पाहावा. तो सहज सरकत असेल, तर मागील चाके व ब्रेक मोकळे आहेत. पी.टी.ओ. बंद असल्याची खात्री करावी. फॅन बेल्ट काढावा, कारण पाण्याचा पंप किंवा डायनामो धरलेला असला तरी इंजिन जड वाटते. काही वेळा सेल्फचा दात फ्लायव्हीलच्या दात्यात अडकलेला असतो. सेल्फ काढताच इंजिन फिरते आणि पुढील सर्व खटाटोप वाचतो.

यानंतर बॅटरीची तार सोडावी आणि तेलाच्या चेंबरचा बूच हळूहळू ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व प्रथम बाहेर येते. पाणी निघाले, तर ते सायलेन्सरमधून उतरले की हेड गॅस्केटमधून अथवा तडा गेलेल्या भागातून आले, याचा शोध घ्यावा लागतो. रेडिएटरमधील पाण्याची पातळी उतरलेली असल्यास दुसरी शक्यता अधिक समजावी.

ओढून सुरू करण्याचा धोका

जकडलेला ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे, हा गावोगाव दिसणारा उपाय सर्वांत घातक आहे. गंजाने धरलेला पिस्टन सुटला नाही, तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टन फुटतो. सिलिंडरमध्ये पाणी अथवा तेल साठले असेल, तर धोका आणखी वाढतो. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर येऊ लागला की द्रवाला वाट मिळत नाही आणि सारा भार रॉडवर येतो. थोड्या तेलात व काही दिवसांत होणारे काम अशा रीतीने पूर्ण इंजिन-बांधणीवर जाते. लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपत नाही आणि ट्रॅक्टर कायमचा उभा राहतो.

सोडविण्याची रीत

सर्व सिलिंडरचे नोझल काढून घ्यावेत. त्यांची व डिझेलच्या नळ्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. नोझलच्या प्रत्येक भोकातून डिझेल व पातळ वंगण तेल यांचे समप्रमाणातील मिश्रण, किंवा बाजारात मिळणारे गंज सोडविणारे तेल ओतावे. पेट्रोल वापरू नये आणि जवळ विडी-काडी, दिवा अथवा गॅसची ज्योत असू नये. एखाद्या सिलिंडरमधील तेल लवकर झिरपून गेले, तर तेथील रिंगा पूर्ण धरलेल्या नाहीत, असा अंदाज करता येतो. तेल कमी होईल तसतसे ते पुन्हा भरावे. तीन-चार दिवसांत फरक पडू शकतो, पण आठवडा ते पंधरवडा लागेल, असे धरूनच कामास लागावे.

या अवधीत रॉकरचे झाकण उघडून व्हॉल्व्ह पाहावेत. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असताना इंजिन फिरविल्यास पुशरॉड वाकतो. अशा व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडून तो हलकेच ठोकून मोकळा करावा. डिझेल पंपाचा नियंत्रण-दांडा हलतो की नाही, हेही पाहावे. पंपाचे भाग अत्यंत काटेकोर मापाचे असतात. तो धरला असल्यास जाणकाराकडेच द्यावा.

यानंतर क्रँकच्या पुढील नटाला लांब पान्हा लावून इंजिन हातानेच फिरवून पाहावे. एकदा एका दिशेने, एकदा उलट दिशेने, असा बेताचा जोर द्यावा. नट उलट दिशेने सुटू लागल्यास तेथेच थांबावे. पान्ह्याला पाइप जोडून अनेकांनी लटकू नये. केसभर हालचाल झाली तरी काम साधले, असे समजावे. पुन्हा तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवावे. हालचाल रोज थोडी थोडी वाढत जाते.

पंधरवड्यानंतरही इंजिन हलले नाही, तर हेड उतरवावे. सिलिंडरच्या भिंतीवरील उघडा गंज बारीक पॉलिश पेपरने पुसून काढावा आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर बेताने ठोकावे. जो पिस्टन मधल्या टप्प्यावर आहे, त्यावरच ठोकावे. अगदी वरच्या टोकाला असलेल्या पिस्टनचा रॉड सरळ रेषेत असतो. त्यावर कितीही ठोकले तरी क्रँक फिरत नाही, उलट बेअरिंगला मार बसतो. भिंतीवर खोल खड्डे पडले असतील, तर लायनर व पिस्टन बदलणे हाच उपाय राहतो.

इंजिन सुटल्यानंतर

नोझल बसविण्यापूर्वी इंजिन अनेकदा फिरवून आतील तेल बाहेर टाकावे. त्या वेळी नोझलच्या भोकांसमोर कोणीही उभे राहू नये. चेंबरमध्ये झिरपलेले मिश्रण काढून नवे तेल व नवा फिल्टर घालावा. जुने डिझेल काढून टाकावे, नळ्यांतील हवा काढावी आणि रेडिएटर भरावा. सिलिंडरमध्ये उरलेल्या तेलामुळे इंजिन सुरू होताच अनावर वेगाने धावू शकते. डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. म्हणून हवेचा मार्ग रोखण्यासाठी जाड सपाट फळी हाताशी ठेवावी. हात अथवा सैल कापड वापरू नये. तेलाचा दाब न दिसल्यास इंजिन लगेच बंद करावे. थोडा वेळ चालविल्यानंतर तेल पुन्हा एकदा बदलणे हितावह असते.

पंचायत व शाळा यांचे कार्य

भारतात ट्रॅक्टरनिर्मितीस १९५९ मध्ये आरंभ झाला. महाराष्ट्रात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार केला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या पिढीतील यंत्रांची रचना साधी आहे. त्यांत संगणकीय नियंत्रण नाही आणि साध्या अवजारांनी ती उघडता येतात. ती टिकविणे हा लहान शेतकऱ्याचा प्रत्यक्ष लाभ आहे.

यासाठी ग्रामपंचायतीला फार मोठा खर्च येत नाही. वालाची काढणी संपताच, म्हणजे होळी-पाडव्याच्या सुमारास, गावातील प्रत्येक ट्रॅक्टर हाताने फिरवून पाहण्याचा प्रघात पाडावा. त्या वेळी दोष आढळल्यास पावसापूर्वी दोन महिने हाती राहतात. तोच दोष मृगात आढळला, तर शेतकऱ्यापुढे ओढून सुरू करण्याचा मोह उभा राहतो. गावच्या अवजारे बँकेतील ट्रॅक्टर छपराखाली ठेवावेत. सायलेन्सरवर झाकण, निदान उपडा डबा घालावा आणि महिन्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. शिक्षकांनी गंजाचा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांना असे एखादे इंजिन दाखवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या प्रशिक्षणार्थींनाही अशा इंजिनांवर काम करण्याची संधी मिळावी.

चिखलणीचा आठवडा हुकला, तर त्या खाचराचे वर्षाचे भात हुकते. पाडव्याला केलेली पाच मिनिटांची तपासणी तो आठवडा वाचवू शकते.