रातांब्याचा लाल रंग : मीठ, ऊन आणि पाऊस

मेसच्या सोलकढीला नावं ठेवण्याआधी तिचा रंग कुठून येतो ते बघू. नाशिकच्या रेड वाइनवर गप्पा मारणारे हॉस्टेलवर पुष्कळ आहेत. पण कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावात घरच्या रातांब्यांपासून जे आगळ होतं, त्याचं शास्त्र वाइनच्या फार जवळचं आहे. दोन्हीकडे रंग अँथोसायनिनचा, आणि तो मुख्यतः सालीत.

रातांबा म्हणजे आपलं मालवणी भिरंड. फळ फोडून गर नि बिया बाजूला काढतात, साली मिठात घालून बरणीत ठेवतात. पुढचं काम ऑस्मॉसिसचं. बाहेर मिठाचा दाट द्राव, म्हणून पेशीतलं पाणी आपणहून बाहेर येतं आणि रंग, आंबटपणा सोबत आणतं. पिळायचं नाही, उकळायचं नाही. रोज हलवायचं आणि थांबायचं. चांगली वाइन करणारेही द्राक्ष हळूच दाबतात, कारण बी चिरडलं की कडू टॅनिन उतरतं. फरक इतकाच की त्यांना यीस्ट हवं असतं, इथे मीठ त्याला रोखतं. मीठ कमी पडलं की बरणीत फेस आलाच म्हणून समजा!

हा रंग आम्लात टिकतो आणि उष्णतेने जातो. म्हणून आगळ लालभडक राहतं, तर त्याच सालींना रसाची पुटं देऊन उन्हात वाळवलेली सोलं काळपट होतात. चमचाभर आगळात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा, पीएच वाढताना लाल रंग कसा बदलतो ते दिसेल. (केमिस्ट्रीच्या सरांना विचारून!)

खरी पंचाईत पावसाची आहे. नाशिकचा बागायतदार सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करून द्राक्ष कोरड्या हिवाळ्यात वाढवतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढतो. म्हणजे ऋतू तोच निवडतो. रातांबा मात्र पिकतो एप्रिल-मेमध्ये, मॉन्सून दाराशी असताना. भिजलेलं फळ लवकर सडतं, आणि ऊन नसेल तर सोलं वाळणार कशी? २०२५ साली मॉन्सून २५ मे रोजीच तळकोकणात उतरला, एरवीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. उशिरा पिकणाऱ्या झाडांचं फळ त्यात सापडलं.

यावर एक उपाय झाडातच आहे. बियांपासून लावलेल्या रोपांत निम्मी नर निघतात, ती फळ देत नाहीत. कलमाचं झाड मादीच मिळतं, शिवाय लवकर धरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात तर बहुतेक फळ पावसाआधी देते.

दुसरा उपाय आपल्या हातातला. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांनी सोलांसाठी सौर वाळवणी यंत्र करून बघावं. मात्र घाईने तापमान चढवू नका, रंग जाईल. पंखा मोठा घ्या, हवा जास्त खेळवा, आणि ढगाळ दिवशी ट्रे किती वेळात कोरडा होतो ते मोजा.