पाना फिरवण्याआधी

पोर्चच्या फरशीवरचा रुपयाएवढा काळा डाग आधी आईला दिसला. "अरे, तुझी गाडी गळतेय बघ," ती म्हणाली. मी डागावर पुठ्ठा सरकवला आणि कामावर गेलो. माझी पल्सर 150 ही 2005 सालची. नानाखेड्याहून इंदूर सुमारे 55 किलोमीटर, रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. एवढ्या जुन्या गाडीतून थोडं ऑइल पाझरणारच, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. त्या समजुतीपायी काय ओढवलं असतं, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाला गॅरेजमध्ये हेड कव्हर किंवा टॅपेट कव्हर म्हणतात. त्याखाली कॅमशाफ्ट आणि रॉकर सतत ऑइलने न्हात असतात. कव्हर आणि हेड यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. कव्हरच्या कडेला ओल दिसली, म्हणून मी बोल्ट पाव फेरा आवळले. दोन दिवस कोरडं राहिलं. मग पुन्हा ओल, पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या खेपेला एका बोल्टचा जोर हाताला लागेनासा झाला आणि पाना नुसताच फिरत राहिला. हेडमधले आटे गेले होते. पोलादी बोल्टपुढे ॲल्युमिनियमच्या आट्यांचा टिकाव लागत नाही. तरी मी कडेने सिलिकॉन थापलं आणि गाडी चालवत राहिलो.

पुढच्या रविवारी आईला इंदूरहून घेऊन येत होतो. सांवेर मागे पडलं आणि जळक्या ऑइलचा वास येऊ लागला. सायलेन्सरच्या बेंडवरून धूर निघत होता. घर जवळ आलंय म्हणून मी थांबलो नाही. त्रिवेणीच्या शनिमंदिराजवळ ब्रेक दाबला, तशी गाडी मागून एका बाजूला सरकली. आईने माझा खांदा घट्ट धरला. गाडी कशीबशी सावरली. उतरून पाहिलं तर मागच्या टायरची कड ऑइलने चमकत होती आणि इंजिनातली पातळी किमान खुणेच्याही खाली गेली होती. तिथून घरापर्यंत आम्ही दोघं गाडी ढकलत आलो. आई वाटभर एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी कव्हरला हातही लावला नाही. "पहले यह देखो, गाडी साँस ले रही है कि नहीं," म्हणत त्यांनी इंजिनापासून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारी ब्रीदरची नळी बाहेर ओढली. ती मधोमध दुमडून चपटी झाली होती आणि आत चिकट गाळ बसला होता. काही महिन्यांपूर्वी फिल्टर साफ करून बसवताना ती मीच दाबली होती. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. तो या नळीवाटे बाहेर पडतो. वाट बंद झाली की इंजिनात दाब साठतो आणि ऑइलला कमकुवत पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. मी बोल्ट कितीही आवळले असते तरी तो दाब हटणार नव्हता.

मग त्यांनी पॅकिंग काढून माझ्या हातात दिलं. उष्णतेने ते प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं, जिथे दबलं होतं तिथे चपटं पडलं होतं. वाकवलं तसं कटकन तुटलं. नवं पॅकिंग बोटाभोवती सहज गुंडाळलं जात होतं.

ही गळती घरी दुरुस्त करणार असाल, तर आधी उगम शोधा. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन दहा मिनिटं चालवा. पावडर सर्वांत वर जिथे भिजेल, तिथे दोष. ती जागा कव्हरखालची, म्हणजे हेड गॅस्केटची किंवा चेन टेन्शनरची निघाली, तर कव्हर उघडून उपयोग नाही. त्याच वेळी ब्रीदर मोकळा आहे ना आणि ऑइल जास्त भरलेलं नाही ना, हेही बघून घ्या.

कव्हर गाडी थंड असतानाच काढा. जुनं पॅकिंग खरवडायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या. त्या पृष्ठभागावर एक ओरखडा उठला तरी पुढे तिथूनच ऑइल येतं. टायमिंग चेनच्या पोकळीवर स्वच्छ फडका ठेवा आणि बसवताना तो आठवणीने काढा. रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच सिलिकॉनचा ठिपका लावा. जास्त थापलेलं सिलिकॉन आत सांडतं, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल कमी पडू लागतं. बोल्टखालचे रबरी वॉशरही नवे घाला.

बोल्ट आडवे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 10 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे 10 किलोचा जोर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा आणि शक्य असेल तर टॉर्क पाना वापरा. कित्येक गाड्यांत या बोल्टला मध्ये खांदा असतो. तो हेडला टेकला की पॅकिंग आणखी दाबलं जात नाही, पुढचा सगळा जोर आट्यांवरच येतो.

आटे गेलेच, तर लांब किंवा जाड बोल्ट ठोकू नका. लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्या. पोलादी तारेचा हा आटा मूळच्या आट्यापेक्षा मजबूत असतो. आणि टायरपर्यंत ऑइल पोचलंय असं दिसलं, तर घर कितीही जवळ असो, गाडी तिथेच थांबवा.

पुठ्ठा अजूनही पोर्चमध्ये गाडीखाली असतो. तेव्हा मी तो डाग झाकायला ठेवला होता. आता रोज सकाळी किल्ली लावण्याआधी वाकून बघतो, तो कोरडा आहे की नाही.