आठ महिने पित्ताची गोळी

ताईला जळजळ व्हायची ती संध्याकाळी, ठाण्याहून सुटलेल्या गाडीत उभी असताना. डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत छातीच्या खाली निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. तीस वर्षं सकाळची लोकल, डब्यातलं गार जेवण, वेळीअवेळी चहा. एवढं केल्यावर पित्त होणारच, असं घरात सगळ्यांचं मत होतं. पॅन्टोप्राझोलची पट्टी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळायची. ती आणून देणारी मी, तिची धाकटी बहीण. आठ महिने आणली.

तेवढ्यात तिचं वजन सहा किलोंनी उतरलं आणि हिमोग्लोबिन ९ वर आलं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा कुठे कल्याणला दुर्बिणीची तपासणी झाली. जठराच्या अस्तराच्या घड्या सुजलेल्या होत्या आणि एक उथळ व्रण होता. दोन तुकडे काढले. अहवाल आला: जुनाट जठरदाह, हेलिकोबॅक्टर पायलोरी आढळला नाही. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले, आणि गोळी चालूच राहिली.

तो निकाल फसवा होता, आणि त्यात आमच्या गोळीचाही हात होता. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांमुळे जठरातले हेलिकोबॅक्टर जंतू इतके विरळ होऊ शकतात की तपासणीत सापडत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणीआधी निदान दोन आठवडे या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक्स थांबवावी लागतात. ताईने आदल्या रात्रीही गोळी घेतली होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवायला लावून पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी जठराच्या वेगवेगळ्या जागांचे दहा-बारा तुकडे काढले. जंतू सापडला आणि सोबत एक लांबलचक नावही आलं: मार्जिनल झोन बी-सेल लिम्फोमा, माल्ट प्रकार.

लसिकाग्रंथींत बी-पेशींचे गोल पुंजके असतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला राहणाऱ्या पेशींपासून हा कॅन्सर निघतो, म्हणून हे नाव. तो बहुधा सावकाश वाढतो. त्याचे मुख्य प्रकार तीन: लसिकाग्रंथींतला, प्लीहेतला, आणि ग्रंथींबाहेरच्या अवयवांतला, म्हणजे माल्ट. सर्वांत जास्त आढळतो तो माल्ट, आणि त्यातही जठराचा. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की निरोगी जठरात असल्या पेशींची वस्तीच नसते. जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्याच्याशी झुंजायला त्या पेशी येतात, आणि त्यांतल्याच काही पुढे बेबंद होतात.

इंग्लंडमधल्या पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी हा प्रकार १९८३ मध्ये प्रथम वेगळा ओळखला. पुढे १९९३ मध्ये अशा सहा रुग्णांना फक्त जंतू मारणारी औषधं दिली गेली, आणि त्यांतल्या पाच जणांच्या तुकड्यांत लिम्फोमा दिसेनासा झाला. त्याआधी अशा रुग्णांचं जठर सर्रास कापून काढत असत.

आम्हाला हे काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवसांची औषधं लिहून दिली तेव्हा भावोजी चिडले. "डॉक्टर, कॅन्सरला नुसत्या गोळ्या?" नातेवाइकांचे फोन सुरू झाले, केमो लगेच सुरू करा म्हणून. डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्या म्हणाले.

तिथे नुसता कागदी अहवाल चालत नाही. काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही लागतात. पहिल्या तपासणीचा ब्लॉक मागायला आम्ही गेलो तर तो लॅबमध्ये सापडेना. दुसऱ्या वेळचा हाताशी होता म्हणून निभावलं. बायोप्सी कुठलीही असो, ब्लॉक कुठे आणि किती वर्षं ठेवणार ते त्याच दिवशी विचारून घ्यावं. अकराव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे का, तेही त्यातूनच तपासतात. ती असेल तर जंतू मारून लिम्फोमा विरघळण्याची शक्यता बरीच कमी होते. ताईला ती नव्हती.

परळच्या रांगेत याच लिम्फोमाच्या आणखी दोन गोष्टी कळल्या. कल्याणच्या एका काकांची प्लीहा बरगडीखाली हाताला लागेल इतकी वाढली होती, आणि मूळ हेपेटायटिस सी निघालं. फ्रान्समध्ये २००२ साली अशा नऊ रुग्णांना त्या विषाणूवरचं औषध दिलं, तेव्हा सात जणांचा लिम्फोमा पूर्ण ओसरला होता. दुसऱ्या एका बाईंचे डोळे आणि तोंड कित्येक वर्षं कोरडं पडायचं, ते शोग्रेन नावाच्या आजारामुळे. मग कानाखालची लाळग्रंथी सुजली आणि सूज उतरेना. थायरॉइडचा हाशिमोटो आजार असलेल्यांच्या गळ्याची गाठ अचानक वाढली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गुलाबी, मांसल पट्टा आला, तरी तो दाखवायलाच हवा. 'लिम्फोमा' एवढ्या एका शब्दावर उपचार ठरवू नका. तो कुठला, कुठे, आणि त्याला खतपाणी कशाचं, हे तीन प्रश्न आम्ही उशिरा विचारले. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा.

दोघांपैकी काकांना रिटुक्सिमॅब सुरू होणार होतं. ते देण्याआधी हेपेटायटिस बीची रक्ततपासणी झालीच पाहिजे. शरीरात दबून राहिलेला तो विषाणू या औषधाने उसळतो आणि यकृत निकामी करू शकतो. कागदपत्रांत ती तपासणी दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

ताईचा जंतू औषधांनी गेला. तीन महिन्यांनी मात्र तुकड्यांत लिम्फोमाच्या काही पेशी अजून होत्या, आणि घर पुन्हा हादरलं. डॉक्टर म्हणाले, थांबू. जंतू गेल्यावरही पेशी जायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. वाढ होत नसेल तर वाट पाहणं हाच उपचार. वाढला असता तर जठराला कमी मात्रेचं रेडिएशन देता आलं असतं. ते तेरा महिने आमच्यासाठी औषधांच्या चौदा दिवसांहून कठीण गेले. चौदाव्या महिन्यात तुकडे स्वच्छ आले.

पुढची दुर्बीण फेब्रुवारीत आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ताईने तपासणीच्या दोन आठवडे आधीच्या तारखेला लाल गोल करून ठेवलाय: 'पित्ताची गोळी बंद'.