एक भागाकार, एक गुणाकार

आम्ही कला शाखेची मुले पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेकडे सहसा फिरकत नाही. ओहमचा नियम तर आम्ही दहावीच्या उत्तरपत्रिकेतच ठेवून आलेलो असतो. तरीही या अंकासाठी मी हा विषय घेतला, कारण वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी विजेचा एक प्लग असतो. त्या प्लगात काय चालले आहे हे ओळखण्यास एक भागाकार आणि एक गुणाकार पुरतो.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. पुस्तकात त्यास विभवांतर म्हणतात. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, वॅटमध्ये. सिद्धांत एवढाच.

भागाकाराचा मान जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाचा. हा कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथील शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्या काळच्या घटांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्याने दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, व त्यातून मिळणाऱ्या क्षीण पण स्थिर विजेवर निरनिराळ्या लांबीच्या तारा तपासल्या. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याचे स्वागत इतके थंड झाले की ओहमने नोकरीचा राजीनामा दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. गंमत अशी, की शक्ती ज्याच्या नावाने मोजतात त्या जेम्स वॅटचा विजेशी काहीच संबंध नव्हता. तो वाफेच्या इंजिनाचा माणूस.

आता शेगडी घेऊ. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागले की प्रवाह ४.३५ अँपिअर येतो, आणि २३० ला ४.३५ ने भागले की रोध सुमारे ५३ ओहम. ६० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बाचे हेच गणित केले तर रोध ८८० ओहमच्या घरात जातो. येथे पुष्कळांची गफलत होते. जास्त तापणाऱ्या वस्तूचा रोध जास्त असावा असे मनाला वाटते. पण घरातला दाब ठरलेला असतो, त्यामुळे रोध कमी तितका प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तितकी शक्ती जास्त. शेगडीची कॉइल तुटते, आपण जळका तुकडा काढून टोके पुन्हा पिळतो आणि ‘आता पूर्वीपेक्षा छान तापते’ म्हणून खूष होतो. एक पंचमांश कॉइल गेली असेल तर रोध ४२ ओहमवर येतो, प्रवाह ५.४ अँपिअरवर चढतो आणि १००० वॅटची शेगडी १२५० वॅटची होते. सॉकेट मात्र तेच, ६ अँपिअरचे.

(हा भागाकार सर्वांना सारखा लागू पडत नाही, हेही सांगून ठेवतो. थंड बल्बाचा रोध मल्टीमीटरने मोजला तर वरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो. एलईडी दिवा तर ओहमचा नियम पाळतच नाही.)

दाब उतरला म्हणजे काय होते तेही पाहू. संध्याकाळी काही गावांत २३० चे १८० व्होल्ट होतात. शेगडीचा प्रवाह ३.४ अँपिअर होतो आणि शक्ती ६१२ वॅट. दाब पंचमांशाहून थोडाच अधिक घटला, पण उष्णता जवळजवळ दोन पंचमांश गेली, कारण दाबाबरोबर प्रवाहही उतरतो आणि गुणाकारात घट दोनदा मोजली जाते. दूध तापायला वेळ लागतो तो यामुळे.

पण ज्याकरिता मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट वेगळीच आहे: सैल जोड. प्लगाची पिन सॉकेटात हलते, किंवा दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली असते. समजा त्या जागी अवघा १ ओहम रोध निर्माण झाला. एकूण रोध ५३ चा ५४ झाला आणि प्रवाह ४.३५ वरून ४.२७ वर आला. शेगडीला फरक कळतही नाही. परंतु त्या जोडावर ४.२७ व्होल्ट पडतात, आणि त्यांना ४.२७ अँपिअरने गुणले की १८ वॅट होतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते. तिच्या पाऊणपटीजवळ पोचणारी उष्णता येथे हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत, गादीच्या कडेला कोंडलेली असते.

मग फ्यूज का उडत नाही? कारण प्रवाह वाढलेलाच नाही. उलट किंचित कमी झाला आहे. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोघांना फक्त जादा प्रवाह कळतो. आपल्यापासून वीस फुटांवर एक पिन भाजते आहे, हे त्यांच्या हिशेबात कोठेच येत नाही. जोड तापला की त्यावर काजळी धरते, धातू गंजतो, पितळी पकड ढिली पडते, रोध आणखी वाढतो. २ ओहम झाले की तेथे ३५ वॅट. वसतिगृहाच्या नियमावलीत शेगडीला बंदी असते आणि आपण ती रेक्टरसाहेबांची लहर समजतो. माझ्या मते बंदीपेक्षा हे गणित फळ्यावर मांडून दाखवले असते तर ते अधिक जणांनी ऐकले असते.

तपासणी अशी करावी. शेगडी, इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड, जे काही वापरत असाल ते दहा मिनिटे चालू ठेवावे. रॉड मात्र पाण्यात बुडवूनच. मग बटण बंद करून प्लग काढावा व पिनांजवळ तळहाताची मागची बाजू न्यावी. कोमट लागले तर चालेल. चटका बसला, पिन काळवंडलेली दिसली किंवा सॉकेटाचा पांढरा रंग भोकांभोवती पिवळा पडलेला असला, तर तारतंत्र्याला बोलावून ते सॉकेट बदलून घ्यावे, आणि हजार वॅटच्या पुढच्या वस्तूसाठी १६ अँपिअरचेच बसवायला सांगावे.